शेअरची सरासरी खरेदी किंमत शीटमध्ये कशी काढावी: सीमाभागातल्या नव्या गुंतवणूकदारांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत बचतीच्या वाटा ठरलेल्या होत्या. रोजची पिग्मी, महिन्याची भिशी, सणासुदीला थोडं सोनं, आणि शेअर म्हटलं की साखर कारखान्याचा नाहीतर सोसायटीचा. त्या शेअरची सरासरी काढायची वेळ कधी आली नाही, कारण शंभराचा शेअर शंभरालाच मिळायचा आणि सभासदत्व सोडताना साधारण शंभरालाच परत जायचा. बाजारातल्या शेअरचा दर मात्र रोज हलतो. आता उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारी आणि वडगावात माग चालवणारी पोरंही मोबाइलवरून पगार झाला की दहा-वीस शेअर घेतात. चार महिन्यांत चार वेगवेगळ्या दरांनी खरेदी होते, आणि मग प्रश्न पडतो: मला हा शेअर नक्की कितीला पडला?

ॲप एक आकडा दाखवतं. बहुतेकजण त्यावरच थांबतात. मला वाटतं, थांबू नये. तो आकडा ब्रोकरच्या, म्हणजे ज्याच्या ॲपमधून आपण शेअर घेतो त्याच्या, पद्धतीनं काढलेला असतो. त्यात अनेकदा खर्च धरलेला नसतो, आणि दुसऱ्या खात्यातून शेअर इकडे आणले असतील तर तो चुकीचा किंवा रिकामाही असतो. आपल्या पैशाची वही आपल्या हातात हवी. ती बनवायला अर्धा तास पुरतो.

आधी हिशेबाचं तत्त्व

सरासरी म्हणजे दरांची बेरीज भागिले खरेदीच्या खेपा, असा समज फार जणांचा असतो. तो चुकीचा आहे. एपीएमसीत बटाटा घेणाऱ्या व्यापाऱ्याला विचारा. दहा पोती ९०० रुपयांनी आणि पन्नास पोती ७०० रुपयांनी घेतली, तर तो पोतं ८०० ला पडलं असं कधीच म्हणणार नाही. ४४,००० रुपये गेले, ६० पोती आली, म्हणजे पोतं पडलं ७३३ रुपयांना. हमाली आणि गाडीभाडंही तो त्यात घालतो. शेअरचंही नेमकं हेच आहे: खिशातून गेलेले सगळे पैसे भागिले हातात आलेले सगळे शेअर.

या लेखात पुढे एकच उदाहरण चालवतो. एका कंपनीचे शेअर तीन वेळा घेतले. आधी ४० शेअर २५० रुपयांनी, मग दर पडल्यावर १०० शेअर १९० नी, नंतर ६० शेअर २१५ नी. तिन्ही दरांची नुसती सरासरी येते २१८.३३. खरी सरासरी, खर्च न धरता, २०९.५०. शेअरमागे जवळजवळ नऊ रुपयांचा फरक, म्हणजे २०० शेअरवर सतराशेच्या वर. हा माणूस २१५ ला विकताना 'तोट्यात विकतोय' म्हणून हळहळेल, आणि प्रत्यक्षात तो नफ्यात असेल.

कागद कोणता घ्यायचा

मोबाइलवरच्या स्क्रीनवरून आकडे उतरवू नका. व्यवहार झाल्यावर ब्रोकर ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे त्या दिवसाच्या व्यवहाराची पावती, पाठवतो, ती उघडा. बहुतेक ठिकाणी पासवर्ड म्हणजे आपला पॅन, कॅपिटल अक्षरांत. एवढ्यावरून घाबरून ती पीडीएफ कधीच न उघडणारे कितीतरी लोक आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

नोटेत एकाच ऑर्डरचे तुकडे दिसतील. तुम्ही १०० शेअरची ऑर्डर दिलीत, त्यातले ४० मिळाले १९०.३० ला आणि ६० मिळाले १८९.८० ला. ४० चे झाले ७,६१२ रुपये, ६० चे ११,३८८, मिळून बरोबर १९,०००. दर १९०. दोन ओळी लिहायची गरज नाही, एकत्रित दर लिहिला तरी चालतो.

खाली खर्चाच्या ओळी असतात: ब्रोकरेज, एक्स्चेंजचं व्यवहार शुल्क, सेबीचं (बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं) शुल्क, या तिन्हींवर १८ टक्के जीएसटी, मग एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर) आणि स्टॅम्प ड्युटी. डिलिव्हरीच्या, म्हणजे त्याच दिवशी न विकता खात्यात घेतलेल्या, शेअरवर एसटीटी ०.१ टक्का, म्हणजे लाखाला शंभर रुपये, खरेदीलाही आणि विक्रीलाही. स्टॅम्प ड्युटी फक्त खरेदीवर, ०.०१५ टक्के, लाखाला पंधरा रुपये.

स्टॅम्प ड्युटीबद्दल सीमाभागात हमखास विचारलं जातं, की पत्ता निपाणीचा दिला तर जास्त कापतात का, कोल्हापूरच्या पाहुण्याचा दिला तर कमी का? नाही. १ जुलै २०२० पासून हा दर देशभर एकच आहे. कापलेली रक्कम ज्या राज्यात खरेदीदार राहतो त्या राज्याच्या तिजोरीत जाते. निपाणीवाल्याची कर्नाटकात, कागलवाल्याची महाराष्ट्रात, आणि दोघांच्या खिशातून जाते तेवढीच. त्यामुळे पत्ता खरा आहे तोच द्या.

एकाच दिवशी दोन कंपन्यांचे शेअर घेतले तर काही नोटांमध्ये खर्च दिवसाचा एकत्र येतो. तो रकमेच्या प्रमाणात वाटा. १९,००० आणि ६,००० अशा दोन खरेद्या आणि मिळून ७५ रुपये खर्च असेल, तर पहिलीला ५७ आणि दुसरीला १८.

शीट मांडणे

गूगल शीट्स, एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क, काहीही चालेल. प्रत्येक कंपनीला स्वतंत्र टॅब करा. एकाच टॅबमध्ये सगळ्या कंपन्या कोंबल्या की नवशिक्याचा गोंधळ विक्रीच्या ओळीपाशी हमखास होतो.

दोन गोष्टी सुरुवातीलाच करून घ्या. गूगल शीट्समध्ये फाइल मेन्यूत सेटिंग्ज उघडून लोकॅल 'इंडिया' निवडा. ते अमेरिकेचं राहिलं तर तुमची ०५/०७ ही ५ जुलै न राहता ७ मे होते, आणि वर्षभर धरून ठेवल्याचा हिशेब पुढे चुकतो. दुसरं, आकडे टाकताना कळफलक इंग्रजी ठेवा. मराठी कळफलकावरचे अंक शीटला आकडे न वाटता मजकूर वाटू शकतात. ओळखायची खूण सोपी आहे: आकडा आपोआप चौकोनाच्या उजव्या कडेला सरकतो, मजकूर डावीकडे राहतो. डावीकडे चिकटलेला आकडा दिसला की तो पुन्हा टाइप करा. 'रु.' किंवा स्वल्पविरामही हातानं टाकू नका.

खालची सूत्रं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये अक्षरं, फंक्शनची नावं आणि अंक इंग्रजीतच टाइप करायचे. ए, बी, सी ही स्तंभांची अक्षरं.

पहिल्या ओळीत शीर्षकं: ए तारीख, बी प्रकार, सी संख्या, डी दर, ई खर्च, एफ रक्कम, जी शिल्लक शेअर, एच शिल्लक गुंतवणूक, आय सरासरी. ए ते ई आपण भरायचे, एफ ते आय शीट भरेल. खालच्या तक्त्यात तारखेचा स्तंभ गाळला आहे.

| प्रकार | संख्या | दर | खर्च | रक्कम | शिल्लक शेअर | शिल्लक गुंतवणूक | सरासरी |
|---|---|---|---|---|---|---|---|
| खरेदी | ४० | २५० | ३६ | १०,०३६ | ४० | १०,०३६ | २५०.९० |
| खरेदी | १०० | १९० | ४७ | १९,०४७ | १४० | २९,०८३ | २०७.७४ |
| खरेदी | ६० | २१५ | ३९ | १२,९३९ | २०० | ४२,०२२ | २१०.११ |

दुसऱ्या ओळीतली, म्हणजे पहिल्या खरेदीची सूत्रं अशी:

एफ२: =सी२*डी२+ई२
जी२: =सी२
एच२: =एफ२
आय२: =एच२/जी२

तिसऱ्या ओळीपासून पुढे:

एफ३: =सी३*डी३+ई३
जी३: =जी२+सी३
एच३: =इफ(सी३<०, एच२+सी३*आय२, एच२+एफ३)
आय३: =इफ(जी३=०, ०, एच३/जी३)

तिसऱ्या ओळीचे हे चार चौकोन निवडा, उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढा. पुढच्या ओळींना सूत्रं आपोआप लागतात, ओळीचा क्रमांकही आपोआप बदलतो. तिसऱ्या खरेदीनंतर आय स्तंभात २१०.११ दिसलं की शीट बरोबर बसली.

एच३ मधलं सूत्र थोडं समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. संख्या उणे असेल, म्हणजे विक्री असेल, तर शिल्लक गुंतवणुकीतून विकलेल्या शेअरची सरासरी किंमत वजा कर. नाहीतर नवी रक्कम मिळव. विक्रीचा दर इथे कुठेच येत नाही, आणि यायलाही नको. तुम्ही किती महाग विकलं त्यावर उरलेले शेअर तुम्हाला कितीला पडले हे बदलत नाही. 'शंभराचे दोनशेला विकले, आता उरलेले फुकट पडले' असं म्हणणारे भेटतात. मनाला बरं वाटायला ते ठीक, हिशेबाला नाही. नफा वेगळा मांडावा, लाभांशही वेगळा मांडावा. दोन्ही सरासरीत घुसवले की आकडा काहीच सांगेनासा होतो.

विक्री झाली की

आता समजा ८० शेअर २४० ला विकले. नवी ओळ घ्या, प्रकार 'विक्री', संख्या -८०, दर २४०. विक्रीच्या ओळीतही खर्च अधिक चिन्हाचाच ठेवायचा, उणे करायचा नाही. मग एफ स्तंभात हातात आलेली निव्वळ रक्कम उणे चिन्हासह आपोआप बरोबर येते. विक्रीच्या दिवशी डीपी चार्ज म्हणून, म्हणजे खात्यातून शेअर बाहेर काढल्याबद्दल, एक रक्कम कापली जाते. ती पुष्कळदा कॉन्ट्रॅक्ट नोटेत नसते, ब्रोकरच्या लेजरमध्ये (खातेवहीत) सापडते, तीही खर्चात घ्या.

जी स्तंभात १२० शेअर उरतील, एच मध्ये २५,२१३.२० रुपये, आणि सरासरी पुन्हा २१०.११. विकल्यावर सरासरी तीच राहिली पाहिजे. बदलली तर सूत्र कुठेतरी चुकलं.

इथेच नव्या माणसाचा फोन येतो: "अण्णा, माझं ॲव्हरेज दोनशे दहा पाहिजे, ॲप दोनशे तीन कसं दाखवतंय?"

दोन्ही बरोबर आहेत, पद्धती दोन आहेत. आपल्या शीटनं सगळ्या शेअरना एकच भाव लावला. अनेक ब्रोकर 'आधी आले ते आधी गेले' हा नियम लावतात, त्याला फिफो म्हणतात. आयकरालाही डीमॅटमधल्या, म्हणजे शेअर ठेवायच्या ऑनलाइन खात्यातल्या, शेअरसाठी हाच नियम लागतो, आणि तोही प्रत्येक डीमॅट खात्यापुरता वेगळा. बँकेतलं एक खातं आणि ॲपवरचं दुसरं, अशी दोन खाती असतील तर त्यांच्या रांगा एकत्र करता येत नाहीत. तशा वेळी टॅबही दोन करा.

फिफोसाठी शेजारी जे स्तंभ घ्या, नाव 'उरलेले'. प्रत्येक खरेदीच्या ओळीत सुरुवातीला खरेदीची संख्याच लिहा: ४०, १००, ६०. विक्री झाली की वरून कापत या. ८० विकले, तर पहिले ४० पूर्ण संपले, दुसऱ्या खरेदीतले ४० गेले. जे स्तंभात आता ०, ६०, ६०. हे हातानंच करा. सुरुवातीला यासाठी लांबलचक सूत्रं लावायच्या नादी लागू नये, हातानं कापताना नियम डोक्यात पक्का बसतो. मग एका मोकळ्या चौकोनात:

=समप्रॉडक्ट(जे२:जे४, एफ२:एफ४/सी२:सी४)/सम(जे२:जे४)

उत्तर २०३.०६. दुसऱ्या खरेदीचे ६० शेअर खर्चासह १९०.४७ नं आणि तिसऱ्याचे ६० शेअर २१५.६५ नं. मिळून २४,३६७.२० रुपये, भागिले १२०. ॲपनं खर्च धरला नसेल तर तिथे २०२.५० दिसेल. फरक कुठून आला हे आता बोट ठेवून सांगता येतं.

नफ्यातही फरक पडतो. विक्रीचे १९,२०० रुपये आले. विक्रीचा खर्च बाजूला ठेवला तर सरासरीनं नफा २,३९१.२० दिसतो, फिफोनं १,५४५.२०. कराच्या हिशेबात आणखी एक बारकावा आहे: भांडवली नफा काढताना एसटीटी खर्च म्हणून वजा मिळत नाही, ब्रोकरेज आणि स्टॅम्प ड्युटी मिळते. रिटर्न भरायचं असेल तर एसटीटीसाठी वेगळा स्तंभ ठेवा, सीएचं काम निम्मं होईल. २३ जुलै २०२४ पासून नोंदणीकृत शेअर वर्षभराच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षाहून जास्त ठेवल्यास आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. तारखेचा स्तंभ म्हणून महत्त्वाचा.

माझा सल्ला असा: रोजच्या निर्णयासाठी आय स्तंभातली सरासरी बघा, करासाठी जे स्तंभ. एकाचा आकडा दुसऱ्या कामाला वापरू नका.

बोनस, स्प्लिट आणि कंपनीची वाटणी

सकाळी ॲप उघडावं आणि शेअर अर्ध्यावर आलेला दिसावा, हा धक्का बहुतेकांना एकदा बसतोच. रिलायन्सनं ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक नवा शेअर फुकट दिला, तेव्हा असंच झालं. पैसे कुठे गेले नव्हते, शेअर दुप्पट झाले होते.

शीटमध्ये प्रकार 'बोनस', दर ०, खर्च ०, आणि संख्येत नवे आलेले शेअर. आपल्या उदाहरणात १२० वर १२० बोनस आले तर शिल्लक २४०, गुंतवणूक तीच २५,२१३.२०, सरासरी सुमारे १०५. जुन्या ओळींना हात लावायचा नाही. करासाठी मात्र बोनस शेअरची किंमत शून्य धरली जाते आणि त्यांचं वय बोनस मिळाल्या दिवसापासून मोजतात, म्हणून जे स्तंभात त्यांची स्वतंत्र रांग.

स्प्लिट वेगळं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयआरसीटीसीनं दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर दोन रुपयांचा केला, एकाचे पाच झाले. आय स्तंभासाठी वाढलेल्या चार पट शेअरची शून्य दराची ओळ पुरते. पण कराच्या दृष्टीनं ते नवे शेअर नाहीत, जुनेच तुकडे झालेले आहेत आणि त्यांची तारीख जुनीच राहते. तेव्हा फिफोसाठी टॅबची एक प्रत काढून त्यातल्या जुन्या ओळींची संख्या पाचपट आणि दर पाचवा हिस्सा करा.

कंपनीचे दोन भाग झाले, म्हणजे डीमर्जर, तर खरेदी किंमतही दोघांत वाटली जाते. प्रमाण कंपनी जाहीर करते. जिओ फायनान्शियल २०२३ मध्ये रिलायन्समधून वेगळी झाली तेव्हा ते ९५.३२ आणि ४.६८ टक्के होतं. तुमची रिलायन्समधली गुंतवणूक तेव्हा एक लाख असेल, तर ४,६८० रुपये जिओच्या नव्या टॅबमध्ये पहिली रक्कम म्हणून जातात आणि रिलायन्सच्या टॅबमध्ये संख्या ०, खर्च -४,६८० अशी ओळ येते. हे न केल्यानं रिलायन्स महाग पडलेला दिसतो आणि जिओ फुकट आल्यासारखी वाटते.

वडिलांच्या नावचे शेअर वारसानं आले असतील तर त्यांची किंमत शून्य नसते. कायद्यानं वडिलांचीच खरेदी किंमत तुमची किंमत ठरते. ट्रंकेतल्या जुन्या पावत्या आणि बँकेची पासबुकं टाकून देऊ नका. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरना त्या दिवसाच्या बाजारभावाचा आधार घेता येतो, तो हिशेब सीएकडून करून घ्यावा.

सरासरी खाली आणायची असेल तर

दर पडला की मनात येतं, अजून थोडे घेऊन सरासरी उतरवू. किती घ्यावे लागतील हे शीट आधीच सांगते:

घ्यायचे शेअर = शिल्लक शेअर × (आजची सरासरी − हवी ती सरासरी) ÷ (हवी ती सरासरी − बाजारभाव)

विक्रीनंतरचे आपले १२० शेअर, सरासरी २१०.११, बाजारभाव १८०. सरासरी २०० वर आणायची तर ६१ शेअर, साधारण अकरा हजार रुपये. १९० वर आणायची तर २४२ शेअर, ४३,५६० रुपये! दहा रुपये आणखी उतरवण्यासाठी चौपट पैसा. हा आकडा डोळ्यांसमोर आला की पुष्कळांचा हात आपोआप थांबतो, आणि थांबावा. सरासरी खाली आल्यानं कंपनी सुधारत नाही. १८० ला ती कंपनी आज नव्यानं घ्यावीशी वाटत असेल तरच घ्या. आधीची सरासरी बरी दिसावी म्हणून भिशीचा हप्ता किंवा पोराची फी त्यात घालू नका.

महिन्यातून एकदा जुळवणी

महिन्याच्या शेवटी प्रत्येक टॅबमधला जी स्तंभाचा शेवटचा आकडा डीमॅटच्या स्टेटमेंटशी ताडून बघा. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थांकडून येणाऱ्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये सगळ्या खात्यांतले शेअर एका जागी दिसतात. संख्या जुळली नाही तर आधी बोनस किंवा स्प्लिट राहिलं का बघा, मग एखादी विक्री उणे चिन्हाशिवाय टाकली का बघा. अगदी कालची खरेदी असेल तर एक कामकाजाचा दिवस थांबा, शेअर खात्यात दुसऱ्या दिवशी येतात. संख्या जुळली आणि तरीही सरासरी विचित्र दिसत असेल, तर डी स्तंभात दराच्या जागी चुकून एकूण रक्कम पडली आहे का ते तपासा.